बादलीखालचा कार्बन: जंगलाच्या जमिनीतून निघणारा वायू गावातच मोजायचा कसा

जंगल कार्बन शोषून घेतं, हे आता पाचवीतलं पोरगंही सांगतं. त्याच जंगलाची जमीन रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडत असते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी लांबून दिसतात, जमिनीचं धुराडं दिसत नाही, एवढंच. जगभरातल्या जमिनींतून वर्षाकाठी निघणारा कार्बन हा कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघणाऱ्या कार्बनच्या साधारण आठ ते दहा पट भरतो. घाबरायचं कारण नाही. जमिनीतून निघणारा बहुतेक कार्बन पानांनी नुकताच हवेतून घेतलेला असतो आणि तो फिरत राहतो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं पुरलेला होता.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतले अभ्यास गट, आश्रमशाळा आणि तालुक्याच्या कॉलेजातली पोरं हा लेख हाताशी धरून स्वतः मोजमाप करू शकतील, अशा बेताने लिहिला आहे. सामान बहुतेक गावातलंच लागतं. रसायनं आणि ब्युरेट (थेंब-थेंब द्रावण सोडायची मापाची उभी नळी) मात्र शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घ्यावी लागतील, आणि रसायनशास्त्राचे सर किंवा मॅडम सोबत असल्याशिवाय हे काम करायचं नाही.

आधी समजून घ्या: वायू येतो कुठून

सागाचं एक जुनं पान उचला. वरून ते कडक, वाळकं असतं. त्याच्या खालचं पान जाळीसारखं झालेलं, त्याखाली नुसता काळा चुरा, आणि चुऱ्यात बुरशीचे पांढरे धागे पसरलेले. हे धागे आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू पाचोळा खातात. खाल्लेल्यातला काही कार्बन त्यांच्या अंगात राहतो, बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उधई, गांडुळं, किडे त्यात भर घालतात.

दुसरा वाटा जिवंत मुळांचा. झाडानं पानात बनवलेली साखर मुळांपर्यंत येते आणि मुळं ती वापरून श्वास घेतात. मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशाही याच साखरेवर जगतात. जंगलात हा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास धरतात, पण जागा आणि ऋतू बदलला की तो खूप कमी-जास्त होतो.

तयार झालेला वायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत साठतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सुमारे ०.०४ टक्के आहे, मातीतल्या हवेत ते सहज दहापट किंवा त्याहून जास्त असतं. दाट जागेतून विरळ जागेकडे जाणं हा वायूचा स्वभावच, म्हणून तो वर येऊन हवेत मिसळतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की वाट अडते, कारण पाण्यातून हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. भर श्रावणात, सात-आठ दिवसांच्या झडीनंतर तुमचा आकडा एकदम खाली आला तर जमीन निजली असं समजू नका. तोंडावर पाणी साचलं आहे.

इकडच्या जंगलाबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. थंड देशांत जमिनीच्या श्वासावर तापमानाचा अंमल चालतो. पुरेशी ओल असेल तर दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी जमीन जवळजवळ गप्प असते, कारण ओलच नसते. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात नळाची तोटी पाण्याच्या हातात आहे. मोजमापाचं वेळापत्रक म्हणूनच पावसाला धरून लावायचं.

पहिली पायरी: वायू निघतो, हे डोळ्यांनी पाहा

आकड्यांत शिरण्याआधी गावाला पटेल असं काहीतरी दाखवलेलं बरं. पानटपरीवर खर्ऱ्यासाठी जो ओला चुना मिळतो, तो चमचाभर घेऊन लिटरभर पाण्यात ढवळा आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी हलक्या हातानं काढून घ्या. ही झाली चुन्याची निवळी. (कळीचा चुना पाण्यात टाकला तर तो उकळतो आणि डोळ्यात उडतो. त्याच्या नादी लागू नका.)

दोन मोठ्या काचेच्या बरण्या घ्या. एकीत जंगलातली ओलसर माती पाचोळ्यासह तळाला घाला. दुसरीत तीच माती, पण लोखंडी कढईत चांगली भाजून, थंड करून. दोन्हींत निवळीची एकेक लहान वाटी ठेवून झाकणं घट्ट लावा. काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी, पहिल्या बरणीतल्या वाटीवर पांढरी साय धरलेली आणि निवळी दुधाळ झालेली दिसेल. भाजलेल्या मातीची निवळी बरीचशी स्वच्छ राहते. ग्रामसभेत हा प्रयोग मांडला की पुढच्या बादल्या कशासाठी आहेत, हे वेगळं समजवावं लागत नाही. नाहीतर वाटेनं जाणारा म्हातारा विचारतोच, "काहून जी सर, बकेट उपडी घालून काय पकडून रायले?"

दुसरी पायरी: परवानगी, सोबत आणि जागा

सामूहिक वनहक्काचं क्षेत्र असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. इतर वनजमिनीसाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्प किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाचा धोका तोंडी लावण्यापुरता नाही, खरा आहे. पहाटे आणि सांज झाल्यावर जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा, आवाज करत जा. बादलीजवळ वाकून, बसून काम करावं लागतं, म्हणून एकानं उभं राहून नुसतं लक्ष ठेवायचं. हे त्याचं कामच आहे असं ठरवून द्या, नाहीतर तोही वाकतो.

तुलना कशाची करायची, ते आधी ठरवा. सागाची लागवड आणि साग-ऐन-धावडा-तेंदू-मोह असं मिसळीचं जंगल; वणवा गेलेला पट्टा आणि न जळलेला पट्टा; जंगल आणि लगतची धानाची बांधी. एका वेळी एकच प्रश्न घ्या. प्रत्येक प्रकारात किमान पाच जागा हव्यात, कारण दोन हातांवर जमिनीचा श्वास बदलतो. आपल्याला जिथं बसायला बरं वाटतं ती जागा नको. दोरी टाकून ठरावीक पावलांवर येईल ती घ्या. फक्त झाडाचं खोड, वारूळ, मुंग्यांचं घर आणि गुरांची पायवाट तेवढी टाळा.

मातीचा प्रकार वहीत लिहा, आणि तो गावातल्या नावानंच लिहा: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी, जे असेल ते. पूर्व विदर्भातल्या बऱ्याच जंगलांत लालसर, मुरमाड जमीन आहे आणि तिथं काम सरळ होतं. काळ्या जमिनीत दोन अडचणी येतात. उन्हाळ्यात ती फाटते आणि भेगेवर बादली बसली तर भलताच आकडा येतो. शिवाय तिच्यात चुनखडी असते. मातीच्या ढेकळावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे. अशा जमिनीत जीवांनी सोडलेला थोडा वायू चुन्याच्या देवघेवीत अडकतो किंवा तिथून सुटतो, म्हणून चुनखडीची आणि बिनचुनखडीची जमीन एका रांगेत मांडून तुलना करू नका.

तिसरी पायरी: कडी आणि बादली

रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या इमारतीच्या कामावर मिळतात. सगळ्या एकाच मापाच्या घ्या आणि वास जाईपर्यंत धुवा. काही बादल्यांच्या तोंडाकडचा दहा सेंटिमीटरचा पट्टा कापून कडी तयार करा. ही कडी जमिनीत तीन सेंटिमीटर दाबायची, त्याहून खोल गेली तर वरची बारीक मुळं तुटतात. दाबण्याचं काम ओल असताना, दिवाळीच्या सुमारास करून टाका. मे महिन्यात बरडीत कडी घुसत नाही, तुटते. कडी बसवल्यावर लगेच मोजू नका. माती हलली की आत कोंडलेला वायू भसकन निघतो, म्हणून किमान एक दिवस जाऊ द्या, आठवडा गेला तर उत्तम.

कडीच्या आतला पाचोळा जसा आहे तसा राहू द्या. हिरवं गवत किंवा रोपटं असेल तर ते जमिनीलगत कात्रीनं कापा, उपटू नका.

मोजताना अख्खी बादली कडीवर उपडी ठेवायची आणि सांध्यावर मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी ताणून गुंडाळायची. वर एक दगड. ऊन लागत असेल तर बादलीवर पांढरं कापड टाका. सांधा बुजवायला ओला चिखल लावण्याचा मोह होतो, तो टाळा: उन्हाळ्यात आजूबाजूची कोरडी माती भिजली की तीच वायू सोडू लागते. फट राहिलीच तर बाहेरून कोरडी चाळलेली रेती चढवा.

चौथी पायरी: वायू पकडायचा सापळा

इथं कॉस्टिक सोडा लागतो. तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. एक नॉर्मल द्रावण म्हणजे लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम सोडा. पाणी आधी उकळून, झाकून थंड केलेलं घ्या, म्हणजे त्यात विरघळलेला वायू निघून जातो. सोडा पाण्यात थोडा-थोडा टाका. द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा लागेलच, कारण हा सोडा कातडी खातो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पिपेट तोंडानं ओढायची नाही, रबरी फुगा वापरा. आणि ॲल्युमिनियमचं कोणतंही भांडं यात येऊ देऊ नका. सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन निघतो.

सापळ्याचं भांडं पसरट हवं. बादलीचं तोंड ३० सेंटिमीटर असेल तर भांडं किमान १४ सेंटिमीटर व्यासाचं घ्या, म्हणजे झाकलेल्या जमिनीच्या पाचव्या हिश्शाइतकं तोंड मिळतं. प्लास्टिकचा जाड, पसरट डबा चालतो. तारेची तिवई करून तो जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे खालची जमीन दबत नाही. त्यात १०० मिलिलिटर द्रावण मोजून ओता आणि लगेच बादली उपडी घाला. वेळ लिहा. २४ तासांनी त्याच वेळी उघडा, डब्याला झाकण लावा, वरून चिकटपट्टी.

याच कामात एक कोरी बादलीही लागते. तितकाच सोडा घातलेला डबा रंगाच्याच दुसऱ्या अख्ख्या बादलीत ठेवून तिचं मूळ झाकण घट्ट बसवा आणि ती तिथंच सावलीत ठेवा. ओतताना, उघडताना, नेताना हवेतला जो वायू सोड्यात शिरतो, त्याचा हिशेब ही बादली देते. दर दहा बादल्यांमागे निदान दोन तरी कोऱ्या ठेवा. गडबडीत हीच सगळ्यात आधी गाळली जाते, आणि ती गाळली तर बाकी आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

त्याच दिवशी कडीशेजारी पाच सेंटिमीटर खोलीवरचं तापमान आणि ओल नोंदवा. ओलीसाठी मूठभर माती घट्ट पिशवीत आणून तोला, १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास ठेवून पुन्हा तोला. गेलेलं पाणी भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. भट्टी नसेल तर निदान "मुठीत गोळा होते", "होत नाही", "पाणी सुटतं" असं लिहा, तेवढंही कामी येतं.

पाचवी पायरी: प्रयोगशाळेत

डब्यातलं सगळं द्रावण २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात ओता, डबा उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळून तेही त्यातच घाला आणि खुणेपर्यंत भरा. जंगलात डब्यात दवाचे चार थेंब पडले असले तरी यामुळे हिशेब बिघडत नाही. यातले २५ मिलिलिटर शंकूपात्रात घ्या. त्यात एक नॉर्मल बेरियम क्लोराईडचं द्रावण दहा मिलिलिटर घाला. पांढरा, दह्यासारखा साका तयार होतो. हा साका म्हणजे आपल्या जंगलाच्या जमिनीतून निघालेला कार्बन, बेरियम कार्बोनेटच्या रूपात अडकलेला. दोन-तीन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (सोडा असेपर्यंत गुलाबी राहणारं रंगसूचक) टाकलं की सगळं गर्द गुलाबी होतं, कारण न वापरलेला सोडा अजून शिल्लक आहे.

आता ब्युरेटमधून अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. आम्लाची नेमकी तीव्रता सरांकडून आधी तपासून घ्या. सोड्याची तीव्रता थोडी इकडेतिकडे झाली तरी कोरी बादली ती सांभाळून घेते, आम्लाची मात्र कोणी सांभाळत नाही. गुलाबी रंग फिका होऊ लागला की आम्ल थेंब-थेंबच पडू द्या आणि पात्र सतत हलवत राहा. घाई केली तर आम्ल साक्यालाच विरघळवू लागतं. गुलाबी गेला आणि पांढरं राहिलं, तिथं थांबा. ब्युरेट वाचा.

हिशेब असा. कोऱ्या बादलीला १९.४ मिलिलिटर आम्ल लागलं, जंगलातल्या बादलीला १२.२ लागलं, असं धरू. फरक ७.२. त्याला आम्लाच्या तीव्रतेनं म्हणजे ०.५ नं आणि मग २२ नं (हा कार्बन डायऑक्साइडचा तुल्यभार) गुणा: ७९.२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आपण दहावा हिस्सा घेतला होता, म्हणून एकूण ७९२ मिलिग्रॅम. कडीचा आतला व्यास ३० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर. भागाकार केला की दिवसाला चौरस मीटरमागे ११.२ ग्रॅम. यातला नुसता कार्बन हवा असेल तर १२ नं गुणून ४४ नं भागा, सुमारे ३ ग्रॅम. माणूस दिवसभरात साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे सोडतो. म्हणजे त्या दिवशी नव्वदेक चौरस मीटर जंगलजमीन एका माणसाइतका श्वास सोडत होती.

कोऱ्या बादलीच्या तुलनेत निम्म्याहून जास्त सोडा संपलेला आढळला तर तो आकडा बाद करा. सापळा थकला होता. पुढच्या वेळी १५० मिलिलिटर घाला. या पद्धतीचा एक स्वभावदोष माहीत असू द्या: जमीन हळू श्वास घेत असेल तेव्हा ती आकडा थोडा फुगवते, जोरात घेत असेल तेव्हा कमी दाखवते. महागड्या यंत्रांनी काढलेल्या आकड्यांशी आपले आकडे भिडवू नका. आपल्याच दोन जागांची, आपल्याच दोन महिन्यांची तुलना मात्र भरवशाची असते.

मोजायचं कधी

वर्षात पाच वेळा तरी: मे महिन्याची कोरड, पहिला पाऊस, श्रावण, पाऊस परतल्यावर आश्विनात, आणि पौषाच्या थंडीत. यातला पहिला पाऊस कोणत्याही परिस्थितीत सोडू नका.

महिनोन् महिने सुकलेली माती एकदम भिजली की काही तासांतच कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात यावर सविस्तर लिहिलं, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. कोरडीत मेलेले जीवाणू, वाचलेल्यांनी तग धरायला अंगात साठवलेली द्रव्यं, माती फुगून सुटलेला अडकलेला कुजका अंश, हे सगळं एकाच वेळी जेवणाच्या ताटात येतं. दोन-चार दिवसांत जोर ओसरतो.

रोहिणीचा पाऊस येतो का मृगाचा, याची वाट पाहत बसण्यापेक्षा तो आपणच पाडावा. मे महिन्यात दहा कड्या निवडा. पाच कड्यांत झारीनं १.४ लिटर पाणी हळूहळू शिंपडा. ३० सेंटिमीटरच्या कडीला हा बरोबर २० मिलिमीटरचा पाऊस झाला. पाच कोरड्याच ठेवा. बादल्या लगेच लावा आणि चार दिवस रोज सोडा बदलत मोजा. पहिल्या दिवसासाठी सापळा मोठाच ठेवा. एवढ्या एका प्रयोगावर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा अख्खा तक्ता उभा राहतो, आणि अवकाळीच्या एका सरीनं जमिनीतून काय निघून जातं, तेही कळतं.

मुळं वेगळी, जीवाणू वेगळे

इच्छा आणि दमसास असेल तर पुढची पायरी. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनाभोवती साठ सेंटिमीटर खोल चर खणा, जाड प्लास्टिक उभं लावून पुन्हा बुजवा, आतलं हिरवं कापत राहा. बाहेरच्या मुळांचा संबंध तुटतो. पण तुटलेली मुळं आत कुजत असतात, म्हणून पहिले काही महिने आकडा खोटा येतो; एक पावसाळा जाऊ द्या. नंतर चराच्या आतला आकडा साधारणपणे पाचोळा-माती खाणाऱ्यांचा, बाहेरच्यातून तो वजा केला की मुळांचा. आत पाणी पिणारं कोणी नसल्यानं तिथं ओल जास्त राहते, हे हिशेबात धरा.

आकडा वाचायचा कसा

श्वास जास्त म्हणजे जमीन आजारी, असं बिलकूल नाही. मिसळीच्या जंगलात पाचोळा भरपूर, मुळं दाट, जीव पुष्कळ, तिथं आकडा मोठाच येणार. उजाड बरडीचा आकडा लहान येतो कारण तिथं खायलाच काही नाही. प्रश्न कार्बनचं येणं-जाणं जुळतं का, हा आहे. येण्याचा अंदाज घ्यायला एक मीटर चौरस बांबूच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी लावून ती जमिनीपासून थोडी वर टांगा, महिन्याला पडलेला पाला काढून वाळवून तोला. सुक्या पाल्याच्या वजनात साधारण निम्मा कार्बन धरायचा. यात मुळांतून जमिनीत जाणारा कार्बन येत नाही, म्हणून हा हिशेब अर्धवटच राहतो. तरी काही नसल्यापेक्षा बरा.

वणव्याचं गणित वेगळं आहे. पाचोळा कुजायला लागलेल्या काळात त्यातला काही अंश मातीत उतरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आगीत तोच पाचोळा घटकाभरात हवेत जातो. त्यानंतर जळक्या पट्ट्यातल्या बादलीत आकडा कमी आला आणि कोणी म्हणालं की बघा, आग लावली तर कार्बन कमी निघतो, तर त्याला पाचोळ्याची जाळी दाखवा. मोहफुलं वेचायला झाडाखाली जाळण्याऐवजी जुन्या साड्या किंवा शेडनेट अंथरणारी गावं आहेत. अशा झाडाखाली एक कडी आणि जाळलेल्या झाडाखाली एक कडी, ही फार बोलकी जोडी ठरते.

आणि कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे जंगलानं साठवलेल्या कार्बनचे पैसे देण्याच्या, गोष्टी घेऊन कोणी गावात आलं, तर तुमच्या या आकड्यांवर कोणताही करार करू नका. बादली रोजचा खर्च दाखवते, तिजोरीत किती आहे ते नाही. त्यासाठी मीटरभर खोलीपर्यंत मातीतला कार्बन आणि झाडांचे घेर मोजावे लागतात. एका दिवसाचा आकडा ३६५ नं गुणणारा माणूस समोर बसला असेल तर त्याला मे महिन्यात सोबत घेऊन या.

आवराआवर

बेरियम विषारी आहे. त्याचं पाणी नालीत, विहिरीजवळ, गुरांच्या वाटेवर ओतायचं नाही. सगळा पांढरा साका आणि पाणी एका प्लास्टिकच्या बादलीत जमा करा. मोकळ्या हवेत, फसफसणं थांबेपर्यंत उरलेलं पातळ आम्ल हळूहळू घाला. मग कृषी केंद्रात कपाशीसाठी मिळतं ते मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून भरपूर ओता. पाण्यात न विरघळणारा बेरियम सल्फेट जड भुकटीसारखा तळाला बसतो. रात्रभर राहू द्या. सकाळी वरचं पाणी थोडं काढून त्यात पुन्हा सल्फेटचे चार थेंब टाकून पाहा. गढूळ झालं तर अजून घाला. स्वच्छ राहिलं तर तळाचा गाळ बरणीत भरून, वर नाव लिहून कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमा करा.